पिवळं सोल्युशन

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा पडला! अंगणात, सपाट फरशीवर, वाटेत काडीसुद्धा नसताना. हातात बुटांच्या साच्यांची पाटी होती. सगळे लाकडी पाय अंगणभर पसरले. मी म्हटलं, "काल संत सोमवार जोरात साजरा झालेला दिसतोय!" तर गुमे म्हणतो, "तोमासा, मी प्यायलो नाहीये गं."

हो का! लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. या आमच्या कोएसीयो वस्तीत एक तरी बूटवाला दाखवा, जो रविवारी पीत नाही आणि सोमवारी शहाण्यासारखा कामाला बसतो. त्यांचा एकच संत, सोमवार! त्याचं देऊळ म्हणजे फिदेन्सियोचा गुत्ता.

मी ओरडले. चांगलीच ओरडले. शेजारच्या चोनाने भिंतीपलीकडे रेडिओ बारीक केला — ऐकायला.

फादर नाबोर कन्फेशनच्या वेळी म्हणाले होते, "राग आला की ओरडू नकोस, लिही." म्हणून हे लिहितेय. लिहून राग काही जात नाही, फादर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नाताळचा माल सुरू झाला. मुलींचे पट्ट्याचे बूट, लाल आणि काळे. व्यापारी चिकटवायच्या सोल्युशनचे आणखी डबे टाकून गेला. ईस्टरपासून हेच पिवळं वापरतोय. डब्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय — टोल्यूइन नाही! व्यापारी डबा थोपटून म्हणाला, "हे हुंगून गल्लीतल्या पोरांना नशासुद्धा येत नाही, बाई. दुधासारखं निर्धोक."

आहे मात्र कामाचं. सोल आणि कातडं दोन्हींना लावा, जरा थांबा, दाबा, हातोडी मारा — बूट फाटेल पण सोल सुटणार नाही. ते पातळ करायचं पाणी वेगळं मिळतं. गुमे त्यात ब्रश धुतो, मी कामावरून उठताना हात धुते. सासूबाई चिंधी बुडवून बुटांवरचे डाग पुसतात. रविवारी मी टेबलाच्या चादरीवरचा तेलकट डागही त्यानेच काढला. क्षणात गेला!

२० ऑक्टोबर, सोमवार

सोमवारची मॅच. बूटवाले विरुद्ध कातडी कमावणारे. गुमे गोलात. चेंडू सरळ हातात आला — अगदी छातीवर! — आणि निसटून आत गेला. सगळे फिदीफिदी हसले. "काय रे गुमे, हाताला लोणी लावून आलास?" गुमे एरवी अशा वेळी आईमाई काढतो. आज हातांकडे बघत उभा राहिला.

घरी आला. न्हाणीघरातून तो परत येताना बघते तर एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. म्हटलं, "दुसरी कुठेय?" त्याने खाली पाहिलं. तेव्हा त्याला कळलं!

माझं डोकंच फिरलं. चप्पल पायातून जाते आणि माणसाला पत्ता नाही, इतकी प्यायची? मेस्कालची बाटली मोरीत ओतली. त्याने अडवलं नाही. 

२२ ऑक्टोबर, बुधवार

गुत्त्यावर गेले. भांडायलाच गेले होते. दारातूनच सुरुवात केली — माझ्या नवऱ्याला उधारीवर पाजता, लाज नाही वाटत? फिदेन्सियो फडकं खांद्यावर टाकून बघतच राहिला. म्हणाला, "बाई, कोणाला पाजतो? गुमे सप्टेंबरपासून माझ्या दारात आलेला नाही. मीच निरोप धाडला, रुसलास का म्हणून. तर म्हणे, पेला धरवत नाही, लोक हसतात."

गुत्त्यातले सगळे बाजूला सरले. मला जायला वाट दिली त्यांनी.

 दारू असती तर बरं झालं असतं. दारूशी कसं भांडायचं ते मला येतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ओरडले नाही. भाकरी भाजता भाजता विचारलं, "काय होतंय तुला? खरं सांग."

म्हणाला, "पाय माझे वाटतच नाहीत. जाड मोजे घालून चालल्यासारखं. बोटांत मुंग्या. काल कातडं कापायची रापी हातातून पडली, कळलं नाही." मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

आई दाराआडच होत्या. या घरात गुपित म्हणजे काय!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सासूबाईंनी निदान केलं. वारं शिरलंय! "गरम खोलीतून घामेजल्या अंगाने अंगणात जातोस. थंड वारं सांध्यांत घुसतं आणि बसतं तिथे. तुझ्या बापाने जन्मभर कारखान्याच्या खोलीची ही खिडकी ऑक्टोबरात लावली ती मार्चात उघडली. उगाच नाही!"

मीही मानते. का नाही मानणार? माझी मावशी इस्त्री करून दारात उभी राहिली आणि तिचं तोंड वाकडं झालं, ते वारंच होतं. आणि खिडकी तशीही बंदच बरी. रस्त्याची धूळ ओल्या सोल्युशनवर बसली की सोल धरत नाही.

सतापाचा पाला अल्कोहोलात भिजवून त्याचे पाय चोळले. सासूबाईंनी दृष्ट काढतात तसं अंगावरून अंडं फिरवलं. मग दोघींनी मिळून खिडकीच्या फटींवर वर्तमानपत्र चिकटवलं. सोल्युशननेच. काय पक्कं बसलं! गुमेची खाट कारखान्याच्या खोलीत हलवली. घरातली सगळ्यांत ऊबदार खोली तीच. आता बघू वारं कुठून येतंय.

२५ ऑक्टोबर, शनिवार

डोकं दुखतंय. सगळ्यांचंच. सासूबाई म्हणाल्या, वारं बाहेर पडताना असं होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस, गेलेली माणसं घरी यायचा. सासऱ्यांची आरास कारखान्यातच मांडायची, असा सासूबाईंचा हट्ट — "त्यांचा जन्म त्या पाटावर गेला, ते तिथेच येणार." मी म्हटलं, आई, डबे उघडे आहेत, मेणबत्ती लावाल तर तुमचा नवरा यायच्या आधी आपणच त्याच्याकडे पोचू! आरास अंगणात मांडली. झेंडू, त्यांची आवडती ग्वाकामाया — इथल्या पावात कुरकुरीत डुकराची साल आणि झणझणीत चटणी — आणि घोटभर मेस्काल. शेजारून आणावी लागली. आमची मी ओतली होती ना.

मेणबत्ती गुमेने धरली. सासूबाई प्रार्थना म्हणत होत्या. मेण वितळून त्याच्या बोटांवर टपटप पडत होतं. तो प्रार्थना म्हणतोय. मेण पडतंय. मी झडप घालून मेणबत्ती काढली. हातावर फोड आलेले! तो म्हणतो, "काय झालं?"

सासूबाईंनी पाहिलं. त्यांची प्रार्थना अडली, मग त्या पुढचं मोठ्याने म्हणायला लागल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

इतकं चोळतोय, इतकं झाकतोय, आणि तो रोज खालीच चाललाय. आता चालताना गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फटकन आपटतो. घोटा वर येतच नाही.

चोना मिरच्या मागायला आली आणि कारखान्याच्या दारातच थांबली. एप्रनच नाकाला लावला तिने. "अगं बाई! तुम्ही इथे राहता? मी हमरस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यात सोल लावायला होते. छताला हे मोठाले पंखे, तरी आम्ही सारख्या बाहेर पळायचो. आणि तुम्ही याला झोपवलंय कुठे, तर डब्यात!"

सासूबाई तडकल्या. "चोना, मिरच्या घे आणि नीघ. आम्ही याला रोज पेलाभर दूध पाजतो. दुधाने वास मरतो. तुझ्या कारखान्यात दूध द्यायचे?"

"द्यायचे ना," चोना म्हणाली. "दूध पिऊन माझी मैत्रीण काठी घेऊन घरी गेली."

वास? मला तर वास येतच नाही. कधीपासून येत नाही, तेही आठवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यात नेलं. सासूबाईंना सांगितलं, नवस बोलायला नेतेय. खोटं बोलले, देवा माफ कर.

डॉक्टरीणबाई पोरगेलीच आहे. तिने छोट्या हातोडीने गुमेच्या गुडघ्यावर मारलं. पाय ढिम्म. टाचणी टोचली. "कळतंय?" नाही. आणखी वर. नाही. मग अचानक विचारलं, "चालताना चप्पल पायातून निघून जाते? आणि कळत नाही?"

 हिला कोणी सांगितलं?

"धंदा काय?" बूट. "घरात? कशाने चिकटवता?" चोनाच्या बोलण्यावरून मी रिकामा डबा पिशवीत घालून नेलाच होता. मी तोऱ्यात म्हटलं, "यात टोल्यूइन नाही, बघा लिहिलंय." ती म्हणाली, "हो. ते काढलं आणि त्याच्या जागी हे घातलं." मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत — हेक्झेन. म्हणाली, स्वस्त असतं, चटकन उडतं, म्हणून सगळीकडे वापरतात. बियांमधलं तेल काढायला, छापखान्यात रूळ पुसायला, चिकटवायला. उडतं म्हणजे नाहीसं होत नाही, बाई. खोलीत राहतं आणि तुमच्या छातीत जातं. कातडीतूनही शिरतं. मग नसा सोलून काढतं. आधी सगळ्यांत लांबच्या — पायांच्या, बोटांच्या.

"दूध?" मी विचारलं. ती हसली नाही. "दूध पोटात जातं, वास छातीत."

मग म्हणाली, "आजपासून याने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि नीट ऐका — सोडल्यावरही काही आठवडे वाढतच जाईल. घाबरून परत नेऊ नका. मग हळूहळू उतरेल."

"चालेल तो?"

"सोडलं तर."

येताना बसमध्ये गुमे म्हणाला, "बापाने जन्मभर हेच केलं." मी म्हटलं, बाप टोल्यूइनवाला होता, आणि शेवटी भिंती धरून चालायचा, विसरलास?  खिडकीच्या फटी मी स्वतःच्या हाताने बुजवल्या. मी! त्याला आत झोपवलं मीच!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कागद फाडला. निघता निघेना, रापीने खरवडला. सासूबाई मधे पडल्या. माझा हात धरला. "तू माझ्या मुलाला मारणार आहेस! थंडीच्या तोंडावर खिडकी उघडतेस!" मी म्हटलं, "मी नाही, तुमच्या वाऱ्याने मारलंय त्याला!" त्या म्हणाल्या, "सुनेच्या घरात आता मी परकी झाले." मी म्हटलं, परक्या झालात तर जरा आराम करा.

नको होतं बोलायला. पण बोलले.

गुमे पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला. पाटावर आता मी. दुसरं कोण बसणार? माल नाताळचा आहे, ईस्टरचा नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खुर्चीतून उठता आलं नाही त्याला. दोघींनी काखेत धरून उठवला. एवढा धिप्पाड गोलकीपर, न्हाणीघरात मला म्हणतो, "तोमे, तोंड फिरव ना." मी तोंड फिरवलं आणि रडले.

सासूबाई चुलीपाशी बसून बोलत होत्या, मला ऐकू येईल अशा. "सोल्युशन सोडलं ना? खिडक्या उघडल्या ना? मग का वाढतंय? तुझ्या डॉक्टरणीला विचार."

डॉक्टरीण म्हणाली होती वाढेल म्हणून. म्हणाली होती. पण कानांनी ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. सासूबाईच खऱ्या असतील तर? मी त्याला उघड्या खिडकीत नेऊन निजवलंय!

३० नोव्हेंबर, रविवार

दोनदा त्याची खिडकी लावली. दोनदा उघडली.

५ डिसेंबर, शुक्रवार

व्यापाऱ्याने आख्खा माल परत आणून अंगणात ओतला. सोल सुटलेले! त्याने एक बूट हातात धरून ओढला, सोल सालीसारखा निघाला. "ही काय थट्टा आहे? गुमेच्या हाताचा एक बूट कधी परत आला नव्हता." मी सोल उलटा केला. सोल्युशनवर धूळ. गार वाऱ्याने वरून साय धरलेली, आत ओलं.

सासूबाईंनी नुसतं खिडकीकडे पाहिलं.

लावली मी खिडकी. कागदही लावला, नाहीतर फटींतून धूळ येतेच. फक्त हा माल होईपर्यंत. आजारी गुमे आहे, आणि तो आत नाही. मला काय धाड भरलीय? मी धडधाकट बाई आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ग्वादालुपेच्या मातेचा दिवस. पहाटेपासून दारूकाम. गुमे खाटेवरून हात जोडून होता. मी पाटावरून.

२४ डिसेंबर, बुधवार

माल गेला. एकही परत आला नाही. व्यापारी म्हणाला, "बाई, तुमचा हात तर गुमेपेक्षा छान बसला." फुशारली मी! जानेवारीतल्या तीन राजांच्या सणासाठी आणखी सांगून गेला. नको म्हणायचं होतं. घरात कमावणारे हात आता हेच.

गुमेने विचारलं, "खिडकी उघडी ठेवतेस ना?"

"हो रे बाबा, हो."

१० जानेवारी, शनिवार

गुमे तसाच. पण खाली नाही गेला. चोना म्हणते, हेही पुष्कळ आहे. सुई दोनदा बोटात शिरली आज. रक्ताचा डाग लाल कातड्यावर दिसला नाही हे नशीब. घाईत कळलंच नाही मला.

१८ जानेवारी, रविवार

हलला! उजव्या पायाचा अंगठा! मी मक्याच्या गरम अतोलेचा पेला घेऊन गेले, तर तो पांघरुणातून पाय बाहेर काढून बसलेला. "तोमे, बघ." मी बघितलं. काही नाही. "थांब." आणि अंगठा वर आला. एवढासा. परत खाली. परत वर!

मी किंचाळले. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं गेला. गुमे म्हणाला, "आई, बघ, सलाम ठोकतोय तुला." त्या म्हातारीने त्याचा पाय मांडीवर घेतला आणि किती वेळ सोडला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती पोरगेली डॉक्टरीण खरं बोलली म्हणायची."

म्हणायची! त्यांच्या तोंडून एवढं निघालं, मला पुष्कळ झालं.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज तामालांचा, मक्याच्या वाफवलेल्या वड्यांचा सण. गुमे भिंत धरून स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत आला! पाऊल अजून आपटतो, पण आला. खुर्चीत बसून तामालवर तामाल हाणले. पुढच्या घरातले दोघे खेळगडी आले, म्हणाले, "ईस्टरला गोलात उभा राहा." तो म्हणाला, "लोणी पुसून येतो." केवढा हसला! किती दिवसांनी त्याचं ते घाणेरडं, गडगडाटी हसणं ऐकलं.

संत सोमवारा, आज तुला माफ केलं.

शाळेच्या बुटांचा माल संपला की खिडकी उघडते. शप्पथ.

४ फेब्रुवारी, बुधवार

न्हाणीघरातून येऊन पाटावर बसले. सोल्युशन लावत होते. वर पाहिलं तर सासूबाई दारात, हातात माझी डावी चप्पल.

"अंगणात होती," म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. पाय उघडा. फरशी गार असणार.

त्यांनी चप्पल माझ्यासमोर ठेवली, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, आणि खिडकीवरचा कागद स्वतःच्या नखांनी फाडायला लागल्या.